सावलीचे तास आणि सहीचा कागद

उन्हाळ्याची सुटी जवळ येऊ लागली, की ज्या घरांत हायस्कूलच्या शेवटच्या वर्गातील किंवा कॉलेजातील मुले आहेत त्या घरांत एका कागदाविषयी बोलणे सुरू होते. विद्यार्थ्याचे नाव, ज्या तज्ज्ञाच्या मागे तो उभा राहिला त्याचे नाव, तासांचा आकडा आणि खाली सहीसाठी एक रेघ, एवढाच त्या कागदावर मजकूर असतो. हल्ली तो पुष्कळदा संगणकावरच भरला जातो, पण मजकूर तोच. फिजिकल थेरपीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश देताना येथील बरीच विद्यापीठे असे निरीक्षणाचे तास मागतात. कोणी थोडे मागतात, कोणी पुष्कळ. या प्रकाराला येथे शॅडोइंग म्हणतात, म्हणजे एखाद्याची सावली होऊन त्याच्या मागे वावरणे. आपल्याकडे याला ‘हाताखाली शिकणे’ म्हणत, आणि त्यात कोणाला नवल वाटत नसे.

आपल्या समाजातील मुलामुलींचा ओढा आता या क्षेत्राकडे वाढलेला दिसतो. डॉक्टरी आणि संगणक यांच्या पलीकडेही मानाने जगण्याची वाट आहे हे पालकांना पटू लागले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु या कागदाविषयी आपण ज्या सुरात बोलतो तो सूर मला खटकतो. “आपल्या ओळखीचा एक थेरपिस्ट आहे, चार दिवस जाऊन ये, उरलेल्या तासांची सही तो देईल,” असे एखाद्या सणाच्या जेवणात सहज बोलले जाते आणि त्यावर कोणी भुवई उंचावीत नाही. सणाच्या पंगतीत हुज्जत घालू नये म्हणून तेथे न बोललेले येथे मांडीत आहे.

माझे म्हणणे दोन गोष्टींपुरते आहे. हे तास खरोखर उभे राहून भरावेत, ही पहिली. दुसरी मला अधिक महत्त्वाची वाटते: हे तास दोन आठवड्यांत उरकून न टाकता महिनोन्‌महिने लांबवावेत. चाळीस तास भरावयाचे असतील तर दोन आठवडे रोज चार तास जाण्यापेक्षा आठवड्यातून एकदा दोन तास याप्रमाणे वीस आठवडे जावे. असे का, हे समजण्यासाठी प्रथम हे काम काय आहे ते पाहावे लागेल.

खेळाडूंच्या दुखापतींची निगा राखणारे येथे मुख्यत्वे दोन व्यवसाय आहेत. एक ॲथलेटिक ट्रेनरचा आणि दुसरा फिजिकल थेरपिस्टचा, ज्याला आपण मुंबईत फिजिओथेरपिस्ट म्हणत असू. ‘ट्रेनर’ या शब्दाने आपल्या वडीलधाऱ्यांचा हमखास गोंधळ होतो. व्यायामशाळेत वजने उचलायला शिकविणारा तो हा नव्हे. हा मैदानाच्या कडेला उभा असतो. खेळाडू पडला तर प्रथम धावतो, त्याला खेळू द्यावे की बाहेर काढावे याचा निर्णय करण्यात त्याचा वाटा असतो, आणि पुढे बरे होण्याच्या काळातही तो सोबत राहतो. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटी येथे बफेलो बिल्स संघाचा डॅमार हॅमलिन हा खेळाडू सामन्यात छातीवर आघात होऊन कोसळला आणि त्याचे हृदय थांबले, हे आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर पाहिले असेल. त्या वेळी त्याच्या छातीवर दाब देऊन त्याला वाचविण्यात डेनी केलिंग्टन या सहायक ॲथलेटिक ट्रेनरचा मोठा वाटा होता. तो खेळाडू बरा होऊन त्याच वर्षी पुन्हा मैदानावर उतरला. त्या प्रसंगातील धावपळ सर्वांनी पाहिली. त्याआधीची गोष्ट मात्र कोणाला दिसत नाही. या व्यावसायिक सामन्यांत खेळ सुरू होण्यापूर्वी एक तास दोन्ही संघांचे वैद्यकीय लोक एकत्र जमतात आणि कोण कोठे उभे राहील, रुग्णवाहिका कोठून बाहेर पडेल, कोणत्या इस्पितळात न्यावयाचे, हे बोलून ठरवितात. सावली होऊन उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला पाहण्यासारखे असते ते हे. उन्हाळ्यात सराव सुरू होण्याआधी बर्फाच्या पाण्याने भरून ठेवलेली मोठी टाकी हीही तशीच एक गोष्ट. २००१ च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाचा कोरी स्ट्रिंगर उष्माघाताने मरण पावला, त्यानंतर या देशात या विषयाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. उष्माघात झालेल्या खेळाडूला आधी जागच्या जागी थंड करावयाचे आणि मग इस्पितळात हलवावयाचे, हा आता सर्वमान्य नियम आहे. ती टाकी मोसमभर बहुधा कोणाच्याच उपयोगी पडत नाही. तरी ती रोज भरावी लागते, आणि ती रोज भरणारा मनुष्य पाहणे हेच शिक्षण आहे.

या देशातील ॲथलेटिक ट्रेनरांची राष्ट्रीय संघटना १९५० साली कॅन्सस सिटीत स्थापन झाली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या कामाला आरोग्यसेवेतील व्यवसाय म्हणून मान्यता दिली ती १९९० साली. तोवर, आणि नंतरही काही वर्षे, या व्यवसायात शिरण्याचे दोन मार्ग होते. एक महाविद्यालयीन अभ्यासक्रमाचा. दुसरा उमेदवारीचा, ज्यात प्रमाणपत्रधारक ट्रेनरच्या हाताखाली १५०० तास काम केले की परीक्षेला बसता येई. हा उमेदवारीचा मार्ग २००४ च्या जानेवारीपासून बंद झाला. २०१५ साली आणखी पुढचा निर्णय झाला आणि २०२२ च्या शरदसत्रानंतर पदवीपातळीवरच्या अभ्यासक्रमांना नवे विद्यार्थी घेता येईनासे झाले. आता या व्यवसायात शिरण्यास पदव्युत्तर पदवी लागते. फिजिकल थेरपीत तर डॉक्टरेटच लागते.

उमेदवारीचा मार्ग बंद झाला याचे काही जुन्या लोकांना दुःख आहे. मला नाही, आणि त्याचे कारण सांगते. आपल्याकडच्या तालमीत वस्तादाच्या हाताखाली पोर वाढे. माती कशी मळावी, तेल कोठे आणि किती जिरवावे, निखळलेला खांदा केव्हा आपण बसवावा आणि केव्हा हाडवैद्याकडे धाडावा, हे ते बघत बघत शिके. कोल्हापूरच्या तालमींनी या रीतीने मोठमोठे मल्ल घडविले. पण त्या रीतीत बघण्याची वर्षे आणि हात लावण्याची वर्षे यांच्यामध्ये वस्तादाची नजर असे. येथील महाविद्यालयांत तसे नेहमी राहिले नाही. तास भरावयाचे म्हणून विद्यार्थी पाण्याच्या बाटल्या वाहत, घोट्यांना पट्ट्या गुंडाळीत, आणि पुष्कळ ठिकाणी एखाद्या संघाबरोबर एकटेच पाठविले जात. शिकाऊ पोराला बिनपगारी नोकर करून त्याच्या भरवशावर दुसऱ्याच्या पोराची मान आणि गुडघा सोडणे, याला शिक्षण म्हणता येत नाही. अभ्यासक्रम सक्तीचा झाला हे योग्यच झाले.

परंतु त्यामुळे एक गोष्ट मागे पडली. पूर्वी १५०० तासांत जे आपोआप दिसे ते आता प्रवेशापूर्वीच्या थोड्याशा तासांत पाहून घ्यावे लागते. पदवी घेताना विद्यार्थ्याला पुढे पुष्कळ प्रत्यक्ष काम करावे लागते हे खरे; पण तोवर दोन-तीन वर्षे आणि बापाचे कर्ज गुंतून गेलेले असते. हे काम आपल्या स्वभावाला मानवणारे आहे की नाही, हे त्याआधी कळले पाहिजे. त्यासाठीच हे सावलीचे तास आहेत.

मी मुंबईला अध्यापक विद्यालयात शिकले. तेथे सराव पाठ घेण्यापूर्वी आम्हां छात्राध्यापिकांना दिग्दर्शन पाठ दाखवीत आणि वर्गाच्या मागच्या बाकावर बसवून पाठनिरीक्षणाची वही भरायला लावीत. वर्गातील काहीजणी त्या वहीत प्रत्येक पाठाखाली एकच मजकूर लिहीत: फळा स्वच्छ होता, आवाज स्पष्ट होता, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद चांगला होता. पाठ न पाहताही हे लिहिता येते. आमच्या पद्धतीच्या बाईंनी एक युक्ती केली. त्या म्हणत, आज शिक्षकाकडे पाहू नका. तिसऱ्या रांगेतला खिडकीजवळचा मुलगा निवडा आणि तीस मिनिटे फक्त तो काय करतो ते लिहा. पहिल्या दिवशी आम्हांला हे चमत्कारिक वाटले. आठवड्याभरात कळले, की तो मुलगा सतराव्या मिनिटाला पाठ सोडून देतो आणि शिक्षकाला ते समजतही नाही. शिकविण्याविषयी जेवढे त्या मुलाकडून कळले तेवढे पुस्तकांतून कळले नाही.

क्रीडादुखापतीच्या दवाखान्यात उभ्या राहणाऱ्या मुलाला मी हेच सांगते, की थेरपिस्टकडे पाहू नकोस, एक रुग्ण निवड. आणि येथेच तास लांबविण्याचा मुद्दा येतो.

गुडघ्यातील एसीएल नावाचा अस्थिबंध तुटणे ही येथील खेळाडूंची नेहमीची दुखापत आहे. फुटबॉल, बास्केटबॉल यांसारख्या खेळांत मुलींमध्ये तिचे प्रमाण मुलांहून बरेच अधिक आढळते, हे मुलींच्या पालकांनी ध्यानात ठेवावे. शस्त्रक्रियेत शरीरातीलच दुसरीकडचा तंतू घेऊन नवा बंध बसवितात. त्यानंतर तो बंध जिवंत होऊन मजबूत व्हायला महिने लागतात. पहिल्या आठवड्यात रुग्णाला मांडीचा स्नायू आवळतासुद्धा येत नाही. बाहेरून कोठे काही बिघडलेले दिसत नाही, स्नायू धडधाकट असतो, पण गुडघा सुजला की तो जणू आज्ञा ऐकेनासा होतो. माझ्या परिचयातील एका कॉलेजकन्येने सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत दर मंगळवारी दुपारी एका दवाखान्यात दोन तास काढले. तिने निवडलेली रुग्ण साधारण तिच्याच वयाची एक खेळाडू होती. नाव, शाळा, गाव यांतले काहीही तिने मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. तिच्या वहीतील पहिल्या नोंदी अगदी कोरड्या आहेत. आज गुडघा पूर्ण सरळ झाला नाही. आज स्नायू किंचित हलला. आज मांडी टेपने मोजली, दुसऱ्या मांडीहून बारीक. असे आठवडेच्या आठवडे. पुढे कुबड्या गेल्या, मग जिना, मग सायकल. आणि चौथ्या महिन्यात एक नोंद आहे: आज ती म्हणाली, आता काहीच दुखत नाही, मला खेळायचे आहे. थेरपिस्ट म्हणाली, नाही.

त्या एका ‘नाही’साठी सारे तास खर्ची पडले तरी चालतील, असे मला वाटते. कारण दुखणे थांबते तो काळ सर्वांत धोक्याचा असतो. रुग्णाला बरे वाटते, आईवडिलांना मोसम बुडताना दिसतो, प्रशिक्षक रोज विचारतो, शिष्यवृत्तीचा प्रश्न असतो. आणि नवा बंध मात्र अद्याप कच्चा असतो. थेरपिस्टने तिला एका पायावर उडी मारायला लावली आणि दोन्ही पायांच्या उड्यांचे अंतर मोजून तिच्यासमोर मांडले. शस्त्रक्रियेचा पाय बराच मागे होता. बाहेर बसलेली आई रागावली, मुलगी रडली. थेरपिस्टने आवाज न चढविता पुढची वेळ लिहून दिली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेर आणि ऑस्लो येथील संयुक्त अभ्यासात असे आढळले, की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणे जितके महिने लांबविले तितकी दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याची शक्यता जवळजवळ निम्म्याने घटत गेली. हा आकडा परीक्षेसाठी कोणीही पाठ करील. तो आकडा रडणाऱ्या मुलीला आणि रागावलेल्या आईला कसा सांगावा, हे पुस्तकात नसते. आमच्या कॉलेजकन्येचे सत्र संपले तेव्हा ती खेळाडू अजून मैदानावर परतली नव्हती. दोन आठवड्यांत चाळीस तास उरकणाऱ्याला यांतले काय दिसले असते? अनेक रुग्णांचे अनेक गुडघे, आणि प्रत्येकाचा एखादाच दिवस.

रुग्णाकडे पाहण्याने केवळ विद्यार्थीच शिकतात असे नाही. इंडियानापोलिसचे शल्यविशारद डोनाल्ड शेलबोर्न यांची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. त्या काळी या शस्त्रक्रियेनंतर गुडघा दीर्घकाळ जपून, बांधून ठेवण्याची रीत होती. काही रुग्ण सांगितलेले न ऐकता ठरविल्यापेक्षा आधीच पाय हलवीत, चालत. शेलबोर्न आणि त्यांचे सहकारी नित्झ यांच्या ध्यानात आले, की हेच न ऐकणारे रुग्ण लवकर आणि अधिक चांगले बरे होत आहेत, आणि त्यांचा बंध सैल झालेला नाही. त्यावरून त्यांनी उपचाराचा क्रमच बदलला आणि १९९० साली ते प्रसिद्ध केले. आज शस्त्रक्रियेनंतर लगेच गुडघा सरळ करण्यावर भर देतात तो त्या बदलाचाच भाग आहे. म्हणजे हालचाल लवकर सुरू करावयाची, आणि मैदान मात्र उशिरा. आज्ञा मोडणाऱ्या रुग्णावर न चिडता त्याच्याकडे पाहत राहणे, ही काही लहान गोष्ट नव्हे. शिक्षकांनाही ती साधत नाही.

याच्या उलट बाजूचेही उदाहरण देते, म्हणजे गुरूचे सर्वच खरे मानण्याची आपली सवय थोडी हलेल. मुरगळलेल्या घोट्याला विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे, हे चार उपाय येथे शाळकरी पोरालाही ठाऊक आहेत. त्यांची आद्याक्षरे जुळवून ‘राइस’ हा शब्द डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली आपल्या पुस्तकात रूढ केला. त्याच मर्किन यांनी २०१४ साली लिहिले, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येण्याचे काम उलट लांबण्याची शक्यता आहे. बर्फाने वेदना कमी होते हे खरेच आहे. परंतु दुखापतीनंतर होणारा दाह हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग असतो. तेव्हा विद्यार्थ्याने मार्गदर्शकाला बर्फ लावताना पाहिले तर ‘बर्फ लावतात’ एवढेच लिहू नये. येथे, या रुग्णाला, आज का लावला, हे विचारावे. रुग्णासमोर मात्र विचारू नये. तो गेल्यावर विचारावे. चांगला मार्गदर्शक अशा प्रश्नाने सुखावतो. जो चिडतो त्याच्याकडे तास भरणे लवकर आटोपते घ्यावे.

काळाविषयी बोलतेच आहे तर बेसबॉलमधील एक हकीकत घरातील मुलांना अवश्य सांगावी. लॉस एंजेलिस डॉजर्स संघाच्या टॉमी जॉन या डावखुऱ्या गोलंदाजाच्या, म्हणजे पिचरच्या, कोपरातील अस्थिबंध जुलै १९७४ मध्ये तुटला. त्या काळी त्या दुखापतीने कारकीर्द संपे. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी त्याच्या उजव्या हातातील एक तंतू काढून डाव्या कोपरात बसविला. यश येण्याची आशा त्यांना फारच थोडी होती. पुढे मज्जातंतूच्या त्रासामुळे बोटे आखडली आणि डिसेंबरात दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा सारा मोसम गेला. तो १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या कारकिर्दीतील २८८ विजयांपैकी १६४ हे शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. शस्त्रक्रियेला आज त्याचेच नाव आहे. त्या दीड वर्षातील रोजच्या सरावाचे मात्र कोणी नाव ठेवले नाही. त्याच संघाचा सँडी कोफॅक्स हा आपल्या धर्माचा थोर खेळाडू कोपराच्याच दुखण्यामुळे १९६६ साली, अवघ्या तिसाव्या वर्षी, निवृत्त झाला होता.

कोफॅक्सचे नाव निघाले म्हणून एका अडचणीविषयी लिहिते. येथील हायस्कूलचे फुटबॉल सामने शुक्रवारी रात्री आणि महाविद्यालयांचे शनिवारी असतात. मैदानावर सावली होऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलांपुढे शब्बाथचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. प्रत्येक घराने तो आपापल्या रीतीने सोडवावा. मी त्यात निवाडा देणारी कोण? माझे सांगणे एवढेच, की जे काही ठरवाल ते मार्गदर्शकाला पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगा. ऐन वेळी आजारपणाची सबब सांगू नका. कोफॅक्सने १९६५ च्या जागतिक मालिकेचा पहिला सामना किप्पूरच्या दिवशी आला म्हणून खेळायचे नाकारले, आणि त्याबद्दल त्याचा मान कमी झाला नाही. शिवाय पुनर्वसनाचे खरे काम सोमवार ते गुरुवार दवाखान्यात चालते. शुक्रवारच्या रात्री दिव्यांच्या झगमगाटात जे दिसते त्यापेक्षा तेथे शिकण्याजोगे अधिक असते.

दुसरी अडचण पैशाची. हे तास बिनपगारी असतात. ज्या घरातील मुलाला शाळा सुटल्यावर दुकानात बसावे लागते किंवा धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते, त्याच्यासाठी चाळीस तास म्हणजे चाळीस तासांची कमाई. त्यामुळे सुखवस्तू घरातील मुलाचा कागद भरतो आणि गरजू मुलाचा रिकामा राहतो. आठवड्याला दोन तास हा तोडगा या दृष्टीनेही बरा पडतो. दोन तास बहुतेक घरांना सोडता येतात. आणि खोटी सही मिळविणारा मुलगा कोणाची जागा घेतो, याचाही विचार व्हावा. तो ज्याला मागे सारतो तो मुलगा खरोखर उभा राहिलेला असतो, आणि पुढे त्या खोट्या तासांवर उभ्या राहिलेल्या थेरपिस्टच्या हाती कोणा परक्याचा गुडघा जाणार असतो.

आता मौनाविषयी. १९९६ सालच्या संघीय कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे येथे बंधनकारक आहे, आणि सावलीच्या विद्यार्थ्याकडूनही त्याविषयी सही घेतात. परंतु मी कायद्यापेक्षा आपल्या स्वभावाला अधिक भिते. आपला समाज लहान आहे, एकमेकांची चौकशी करणे हे आपल्याकडे प्रेमाचे लक्षण मानतात, आणि “आज दवाखान्यात कोण आले होते?” हा प्रश्न आई सहज विचारते. विचारू नये. विचारलाच तर मुलाने उत्तर देऊ नये, आणि त्याला उद्धट म्हणू नये. एखाद्या मुलीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली ही गोष्ट चार घरी गेली, की तिच्या लग्नाच्या वेळी ती पाचव्या घरी निघते, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे. आपल्या समाजातील कितीतरी स्त्रियांनी मुंबईच्या इस्पितळांत परिचारिका म्हणून आयुष्य वेचले. शिकाऊ असताना त्या सिस्टरच्या मागे वॉर्डभर उभ्या राहत आणि घरी येऊन वॉर्डातील अक्षरही बोलत नसत. त्यांच्या नातवंडांना हे जड जाऊ नये.

हात न लावण्याचा नियमही तसाच पाळावा. निरीक्षणाचा विद्यार्थी पाहतो, विचारतो, लिहितो. एखादा दवाखाना त्याला रुग्णाचा पाय धरायला सांगू लागला, किंवा त्याला एकट्याला रुग्णाजवळ ठेवून थेरपिस्ट निघून जाऊ लागला, तर मुलगा लाजून बोलणार नाही. ते पालकांनी बोलावे. टेबले पुसणे, टॉवेल घड्या घालणे याला माझी हरकत नाही. तेवढे काम कोणत्याही गुरुगृही करावेच लागते. पण दोन तासांपैकी दोन्ही तास टॉवेलांतच गेले तर ती सावली राहिली नाही.

ज्यांची मुले येत्या शरदात सुरुवात करू इच्छितात त्यांनी उन्हाळा संपण्याची वाट पाहू नये. ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला की ट्रेनर आणि थेरपिस्ट यांना डोके वर काढायला वेळ नसतो. या देशातील सुमारे एक तृतीयांश हायस्कुलांत ॲथलेटिक ट्रेनर मुळीच नसल्याचे २०१९ च्या पाहणीत दिसले होते, तेव्हा आपल्या शाळेत तो आहे की नाही हे आधी विचारून घ्यावे; नसल्यास जवळचा दवाखाना गाठावा. पत्र मुलाने स्वतः लिहावे, बापाने नव्हे. त्यात अमुक इतके तास हवेत असे न लिहिता, आठवड्यातील कोणत्या वारी दुपारी दोन तास उभे राहण्याची परवानगी मिळेल आणि ती किती महिने मिळू शकेल, हे विचारावे. आणि आपल्या समाजातील जी मंडळी स्वतः या व्यवसायात आहेत त्यांना विनंती, की ओळखीच्या मुलाने सही मागितली तर त्याला मंगळवारी दुपारी बोलवावे.